तिच्या वतीने

तायडीच्या आईला शहरातली निम्मी कार्यालयं 'तोफ' म्हणून ओळखायची. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण ती दारातून आत आली की एक कारकून दुसऱ्याकडे बघून कानांवर हात ठेवल्यासारखं करायचा आणि ते तिला दिसायचं. तिला त्याचं वाईट वाटत नसे. उलट बरंच वाटायचं.

ती काही मुळातली भांडकुदळ नव्हती. लग्नाआधी बसमध्ये कोणी हिच्या पायावर पाय दिला, तर हीच माफी मागायची. भांडायला तिला तायडीने शिकवलं, तेही एक अक्षर न बोलता. पोरगी पाच वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. पाहुणे आले की टेबलाखाली जाऊन बसायची, मिक्सर लावला की भिंतीवर डोकं आपटायची. डॉक्टरांनी 'स्वमग्नता' असा शब्द उच्चारला आणि आईला वाटलं, आता नाव कळलंय तर पुढचं सोपं असेल. पहिल्या शाळेने फाटकातूनच परत पाठवलं. दुसरीने काही दिवस ठेवून घेतलं आणि मग "बाकीच्या मुलांचं नुकसान होतं हो" म्हणत हात वर केले.

आई घरी शिवणकाम करायची, शाळांचे गणवेश शिवायची. ज्या शाळेने पोरीला दाराशी उभं केलं नव्हतं, त्याच शाळेच्या गणवेशांचा गठ्ठा त्या आठवड्यात तिच्या मशीनवर पडलेला होता. तो तसाच उचलून ती मुख्याध्यापकांच्या खोलीत गेली, टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "यातला एक माझ्या मुलीच्या मापाचा शिवलाय. तो कुठे घालू, ते तुम्ही सांगा." मुख्याध्यापकांनी आधी आवाज चढवला, मग समजूत घातली, मग घड्याळाकडे बघायला लागले. ती हलली नाही. शेवटी प्रवेश मिळाला.

तिथून पुढे ती थांबलीच नाही. परीक्षेला वेगळी खोली हवी, भांडली. जास्तीचा वेळ हवा, भांडली. एका बाईंनी तायडीला वर्गासमोर उभं करून तिचं हसं केलं, तर त्या बाईंना सगळ्या वर्गासमोर माफी मागायला लावली. बाबा छापखान्यात यंत्रावर होते. यंत्राच्या खडखडाटाने त्यांचा एक कान गेलेला होता, आणि दुसऱ्या कानाने ते मुद्दाम ऐकत नाहीत असं आईचं म्हणणं होतं. ते कधीमधी म्हणायचे, "अगं, जरा दम खा."

"मी दम खाल्ला तर हिला कोण खाऊन टाकेल, ठाऊक आहे?" ती म्हणायची. यावर ते नुसती मान डोलवायचे. कारण ते खरंच होतं.

तायडी बोलायला लागली, पुढे चांगलं बोलायला लागली. फक्त तिला वेळ लागायचा. कोणी काही विचारलं की ती आधी कुठेतरी दुसरीकडे बघायची, बोटाने जवळची कड चाचपायची, टेबलाची, ओढणीची, जे हाताशी असेल त्याची. उत्तर तिच्याकडे असायचं, पण लांबून चालत यायचं. लोकांना तेवढा धीर नसे. ते प्रश्न पुन्हा विचारायचे, मोठ्याने विचारायचे, मग आईकडे बघायचे. आणि आई सांगून टाकायची. "तिला खिडकीजवळची जागा हवी." "तिला हा रंग आवडत नाही." "तिला राग नाही आलेला, तिला झोप आली आहे." बहुतेक वेळा ती बरोबरच सांगायची. इतकी वर्षं बरोबर सांगितल्यावर माणसाला वाटायला लागतं, की आपलं कधी चुकतच नाही.

तायडी विशीत आली तेव्हा मोठ्या रुग्णालयाच्या लाँड्रीत तिला काम लागलं. अर्थात तेही आईनेच चपला झिजवून मिळवलेलं. चादरी, उशांचे अभ्रे, शस्त्रक्रियेच्या खोलीतली हिरवी कापडं, सगळं यंत्रातून गरम होऊन बाहेर यायचं आणि लांब टेबलांवर घड्या घालायच्या. तायडीला ते काम आवडलं. यंत्रांचा आवाज होता, पण तो एकसारखा होता, अचानक दचकवणारा नव्हता. गरम सुती कापड ती आधी गालाला लावून बघायची. लाँड्रीच्या हेडबाई पहिल्या दिवशी ओरडल्या, "अगं, ते पेशंटचं आहे, तुझ्या लाडाचं नाही!" नंतर त्याच म्हणायला लागल्या, "तायडीने गालाला लावलं म्हणजे कापड वाळलं, द्या पुढे."

तिथेच तिला लंबू भेटला. लंबू वॉर्डबॉय होता, चाळिशीचा, दारातून जाताना मान खाली घालावी लागेल इतका उंच. धुतलेल्या कपड्यांची ट्रॉली वरच्या मजल्यांवर नेणं हे त्याचं काम. तायडी त्याला लंबूदादा म्हणायची. तो तिच्याशी फार बोलत नसे. चहाच्या सुट्टीत दोघं एकाच बाकावर बसायची, तो आपला चहा प्यायचा, ती आपला. एक दिवस तायडी त्याला म्हणाली, "मला ट्रॉली न्यायची आहे." तो म्हणाला, "मग हेडबाईंना सांग." ती गेली आणि सांगितलं. हेडबाई कामात होत्या म्हणून त्यांनी ते सांगणं संपेपर्यंत घड्या घातल्या, आणि मग म्हणाल्या, "बरं, लंबूबरोबर जा आधी."

हे सगळं घरी आईला कळलं ते पंधरवड्याने, तेही सहज. तायडी जेवताना म्हणाली, "लिफ्टमध्ये आधी ट्रॉली, मग मी."

"कुठली लिफ्ट?" आईचा घास हातातच राहिला. "तुला बाहेर कोणी पाठवलं?"

"मी मागितलं."

"तू? कोणाला विचारून?"

तायडीने उत्तर दिलं नाही, कारण या प्रश्नाचं उत्तर तिने नुकतंच दिलं होतं.

आईने त्या दिवशी कसंबसं स्वतःला आवरलं. बाबा म्हणाले, "करू दे की. खूश आहे ती." खूश होती, हे आईलाही दिसत होतं. सकाळी तायडी स्वतःहून उठायची, डबा स्वतः भरायची, निघताना दारातून "जाते" म्हणायची. आधी ती नुसतीच निघून जायची.

मग एका संध्याकाळी तायडी हात धूत असताना बाही वर सरकली आणि आईला दंडावरचे वळ दिसले. चार बोटांचे, निळे-काळे.

"हे काय?"

तायडीने बाही खाली ओढली.

"कोणी धरलं तुला? सांग मला. कोणी?"

"लंबूदादाने."

"ओढलं?"

"हो. ओढलं." तायडीने ओले हात तसेच धरले होते आणि बेसिनच्या कडेवरून अंगठा फिरवत होती. तिला आणखी सांगायचं होतं. पण आईच्या पायात तोवर चपला होत्या.

रुग्णालयात जे कळलं ते असं: आगीच्या सूचनेचा भोंगा चालतो का, हे कोणीतरी तपासत होतं. आधी कोणाला सांगितलं नव्हतं. भोंगा वाजला तेव्हा तायडी ट्रॉली घेऊन मधल्या मार्गिकेत होती. ती कान झाकून तिथेच खाली बसली. ट्रॉली आडवी झाली, लोक ओरडले, आणि लंबूने तिला दंडाला धरून बाजूला फरफटत नेलं. बघणारे पुष्कळ होते. प्रत्येकाने फरफटत हाच शब्द वापरला.

आईचं डोकं फिरलं. पुढचे कित्येक दिवस ती मशीनवर बसलीच नाही. अधीक्षकांकडे तक्रार, त्यांच्यावरच्या साहेबांकडे तक्रार, दिव्यांगांच्या कार्यालयात तक्रार. एका वर्तमानपत्रवाल्याला घरी बोलावलं. तो तायडीच्या दंडाचा फोटो काढायला लागला तेव्हा तायडी म्हणाली, "नको."

"अगं, तोंड नाही येणार फोटोत," आई म्हणाली.

"नको. लंबूदादा..."

"तू घाबरू नकोस त्याला. मी आहे ना." आईने बाही वर धरली आणि फोटो निघाला.

चौकशीला मोठं टेबल होतं. एका बाजूला अधिकारी, एका बाजूला तायडी आणि आई, समोर लंबू. तो हात मांडीवर ठेवून बसला होता, शाळेतल्या मुलासारखा. "मी ओढलं," तो म्हणाला. "मागून स्ट्रेचर येत होतं. उतार आहे तिथे. मी हाक मारली होती."

"भोंगा वाजत असताना?" आई म्हणाली. "तिला आवाजाचा त्रास होतो, हे ठाऊक असूनही तुम्ही तिच्या अंगावर ओरडलात आणि वर ओढलंत? गुरासारखं?"

लंबूने मान खाली घातली. त्याला भांडता येत नव्हतं. आईला हे तेव्हाही दिसलं होतं. जे भांडत नाहीत त्यांची बाजू पडती असते, असं तिला इतक्या वर्षांत वाटायला लागलं होतं.

अधिकारी तायडीकडे वळले. भला माणूस होता, आवाज मऊ ठेवून त्यांनी विचारलं, "तुला काय सांगायचंय बेटा?"

तायडीने खिडकीकडे बघितलं. तिचं बोट टेबलाच्या कडेवरून इकडून तिकडे, तिकडून इकडे गेलं. अधिकाऱ्यांनी घसा खाकरला. कोणीतरी कागद सारखे केले. तायडीचे ओठ उघडले.

"साहेब, ती अजून धक्क्यात आहे," आई म्हणाली. "मी सांगते."

आणि तिने सांगितलं. तिच्याइतकं चांगलं कोण सांगणार होतं? टेबलाभोवतीच्या दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं.

निकाल आईच्या बाजूने लागला. लंबू कंत्राटावर होता, त्याला काढायला वेळ लागला नाही. शिवाय रुग्णालयाने लिहून दिलं, की यापुढे तायडी घड्यांच्या खोलीबाहेर एकटी जाणार नाही, तिच्यासोबत कायम एक बाई असेल. घरी येताना आईने केक आणला. बाबांनी एक तुकडा खाल्ला. तायडीने बशी बाजूला सारली आणि आपल्या खोलीत गेली.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली. तिसऱ्या दिवशी उठली नाही. आई हाका मारून थकली. तायडी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, आणि तिचं बोलणं आटलं. "जाते" गेलं, "नको" गेलं, सगळं गेलं. आईला लहानपणीची टेबलाखालची पोर आठवली. तिने डॉक्टर बदलले. हेडबाईंना फोन करून विचारलं, "तिथे तिला कोणी काही बोललं का?" हेडबाई म्हणाल्या, "इथे आता कोणी तिच्याशी बोलतच नाही हो. भितात सगळे." मग म्हणाल्या, "तिला नाही. तुम्हाला."

बाबांनी छापखान्यातून सुट्टी घेतली. त्यांनी विशेष काही केलं नाही. दुपारी तायडीच्या खोलीत खुर्ची टाकून बसायचे. काही विचारायचे आणि चांगला कान तिच्याकडे करून वाट बघायचे. त्यांना कमी ऐकू येत असल्यामुळे उत्तर उशिरा आलं काय किंवा आलंच नाही काय, त्यांना त्यात नवल नव्हतं.

असंच एका दुपारी आई पलीकडच्या खोलीत कापड कापत बसली होती आणि तिला तायडीचा आवाज ऐकू आला. कात्री हातातच थांबली.

"भोंगा वाजला. मी बसले. कान झाकले. स्ट्रेचर येत होतं, जोरात, उतारावरून. लंबूदादा ओरडला. मला ऐकू आलं. पण उठता येईना. मग त्याने ओढलं. दुखलं. मग स्ट्रेचर गेलं, मी होते तिथून." बराच वेळ काही नाही. बाबांनी "मग?" असंही विचारलं नाही. "मग तो माझ्याशेजारी खाली बसला. भोंगा थांबेपर्यंत. काही बोलला नाही. मग म्हणाला, संपलं. मी पण म्हटलं, संपलं. मग आम्ही ट्रॉली वर नेली."

"हे आईला सांगितलंस?" बाबांनी विचारलं.

आई दाराआड उभी होती. तिला वाटलं, आता ती 'नाही' म्हणेल. ती 'नाही' म्हणाली तर जीव थोडा तरी भांड्यात पडेल.

"सांगत होते," तायडी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आई अधीक्षकांच्या खोलीत होती. तक्रार मागे घ्यायची आहे, तो माणूस निर्दोष आहे, त्याला परत घ्या. अधीक्षकांनी तिला बसायला सांगितलं. मग म्हणाले, "बाई, निकाल लागला. त्या जागी दुसरा माणूस आला. उद्या पेपरवाले विचारतील, मुलीच्या आईवर दबाव आणला का? मी काय सांगू?"

"मुलगी स्वतः सांगेल."

"तिला विचारलं होतं," अधीक्षक म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "मी होतो तिथे."

ती वरच्या साहेबांकडे गेली, त्यांच्याही वरच्यांकडे गेली. सगळीकडे तिला खुर्ची दिली, चहा विचारला, आणि सगळ्यांनी तेच सांगितलं. इतक्या वर्षांत तिचं काम झालं नाही असं कधी झालं नव्हतं. तिने स्वतः बांधलेली गाठ तिलाच सुटत नव्हती.

मग लंबूचं घर शोधायचं ठरलं. हेडबाईंनी पत्ता दिला. आई एकटीच निघाली होती, तर तायडी चपला घालून दारात आली. "मी येणार. मी बोलणार."

घर एका गोदामामागे होतं, दोन खोल्यांचं. लंबूची बायको बाहेर दोरीवर कपडे वाळत घालत होती. आईने ओळख सांगितली तशी तिचा हात चिमट्यावरच थांबला. "ते नाहीत," ती म्हणाली. "बंदरावर गेलेत, माल चढवायला. तिकडे फोन लागत नाही नीट."

"आम्हाला बोलायचं होतं," आई म्हणाली आणि गप्प बसली. गप्प बसणं तिला इतकं जड जाईल असं वाटलं नव्हतं. तायडी दोरीवरच्या टॉवेलची कड धरून उभी होती. बाईने तिच्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. "काय म्हणायचंय हिला?"

आईने जीभ दातांखाली धरली. "तीच सांगेल. जरा वेळ लागतो."

आत कुकरची शिट्टी झाली. तायडी दचकली, डोळे मिटले, उघडले. मग म्हणाली, "लंबूदादाने मला वाचवलं. मारलं नाही. मी सांगायला उशीर केला."

"उशीर हिने नाही..." आईच्या तोंडून निघालं.

"आई, थांब," तायडी म्हणाली. "माझं झालं नाही." आणि मग टॉवेलकडे बघत म्हणाली, "त्याला सांगा, माझी चूक झाली. आता झालं."

बाईने ओल्या हातांनी डोळे पुसले. "त्यांना ठाऊक आहे गं," ती तायडीला म्हणाली. "तुझ्यावर नाही रागावले ते. म्हणाले, पोरगी बोलत होती, तिला बोलू दिलं नाही." आईला ती काहीच बोलली नाही. रिकामी बादली उचलून आत गेली आणि दार हळूच लोटलं. आपटलं असतं तर आईला बरं वाटलं असतं.

तायडी त्या लाँड्रीत परत गेली, पण फार दिवस नाही. ट्रॉली परत मिळावी म्हणून ती स्वतः हेडबाईंकडे गेली, मग अधीक्षकांकडे. तिला नियम दाखवला गेला, आईने मिळवलेला. तिने काम सोडलं. कुणीतरी एका संस्थेबद्दल सांगितलं होतं, तिच्यासारख्या मोठ्या मुलामुलींना एका घरात राहायला देतात, मदतीला एक ताई असते, बाकी सगळं आपलं आपण. तायडीने तिथे जायचं ठरवलं. भेटायला बोलावलं त्या दिवशी आईने नेहमीची बॅग काढली, तर तायडी म्हणाली, "तू येऊ नकोस."

"त्यांनी काही भलतंसलतं विचारलं तर?"

तायडीने विचार केला. "तर मला उत्तर येणार नाही," ती म्हणाली. "पण तू येऊ नकोस."

आई घरी बसून राहिली. बाबांनी दोनदा चहा केला, दोन्ही वेळा तिचा गार झाला.

नव्या घरात तायडीचं सगळं सरळ झालं असं नाही. एकदा दूध उतू जाऊन गॅस बंद करायचा राहिला, तेव्हा सगळ्यांची पळापळ झाली. शेजारच्या खोलीतली मुलगी मोठ्याने गाणी लावते म्हणून तायडीने तिचा रेडिओ पाण्याच्या बादलीत टाकला आणि त्यावरून मोठी बैठक बसली. एका रोपवाटिकेत कामाला लागली, तिथल्या माणसाने तिला 'ठार वेडी' म्हटलं, आणि तिने ते काम सोडायला बरेच महिने लावले. हे सगळं आईला नंतर कळायचं, कधी ताईंकडून, कधी तायडीकडून एका वाक्यात. त्या रोपवाटिकेचं कळलं तेव्हा आई तडक उठली होती, पिशवी खांद्याला लावली होती. मग बाहेरच्या पायरीवर बसली ती अंधार पडेपर्यंत. आपण गेलो नाही ते शहाणपण की पोरीला वाऱ्यावर सोडणं, हे तिला त्या दिवशी ठरवता आलं नाही, आणि नंतरही कधी आलं नाही.

लोक अजून तिच्याकडे यायचे. लहान मुलांचे आईबाप, शाळेने नाकारलेले, हातात पोर आणि डोळ्यांत पाणी. ती त्यांच्याबरोबर जायची, आवाज चढवायची, प्रवेश मिळवून द्यायची. शाळा काही बदललेल्या नव्हत्या. परत येताना त्या मुलाशी बोलायचा प्रयत्न करायची, त्याच्यासमोर बसून राहायची. आईबाप म्हणायचे, "अहो, तो नाही बोलत." ती म्हणायची, "असू दे."

तायडी एखाद्या रविवारी घरी यायची. संध्याकाळच्या बसने परत जायची, राहायची नाही. आली की आधी बाबांच्या चांगल्या कानाच्या बाजूला जाऊन बसायची. आईशीही बोलायची, रागाने नाही, पण पाहुण्यासारखं, जेवढ्यास तेवढं.

आणि प्रत्येक वेळी, चपला काढता काढता, एक प्रश्न विचारायची. "लंबूदादा सापडला?"

आई बंदरावर दोनदा जाऊन आली होती. तिथे माल चढवणारे शेकड्याने होते, येत होते, जात होते, उंच माणसंही कमी नव्हती. गोदामामागच्या घरात आता दुसरं कुटुंब राहत होतं, त्यांना आधीच्या लोकांचं काही ठाऊक नव्हतं.

"नाही गं," आई म्हणायची.

तायडी मान हलवायची. मग दोघी आत जाऊन पानं घ्यायच्या.